घरातले दहा काटकोन

मुंगीची आई मुलीच्या चेहऱ्यापेक्षा मुलीच्या वस्तूंकडे जास्त लक्ष देते. चेहरा काय, सहावीतली मुलगी हवा तसा करू शकते. वस्तूंना ते जमत नाही. म्हणून त्या सोमवारी दुपारी मुंगी “काही नाही गं” म्हणत दप्तर टेकवून हात धुवायला गेली, तेव्हा आईनं दप्तर उघडलं. कंपासपेटीला रबरबँड गुंडाळलं होतं. एकदा नाही, तीनदा. जी वस्तू पुन्हा उघडायचीच नसते तिलाच माणूस तीनदा रबरबँड गुंडाळतो.

पेटीखाली भूमितीचा तक्ता होता. वर छापलेलं, “माझ्या घरातले दहा काटकोन”. डावीकडे जागाही छापूनच दिलेल्या: न्हाणीघराचं दार, खिडकीची चौकट, ओट्याची कड, भिंत आणि जमीन, कपाटाची फळी, अशा दहा. उजवीकडे “माप” असा रकाना, आणि त्यात मुंगीचे गोल, नेटके आकडे. सत्त्याऐंशी. ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. एक्याण्णव. पुन्हा सत्त्याऐंशी. दहा ओळींत नव्वद एकदाही नाही. आणि त्या सगळ्यांवरून तिरकी लाल रेघ, रेघेखाली बाईंचा शेरा: “निष्काळजीपणा. काटकोन नव्वद अंशांचा असतो. शनिवारपर्यंत पुन्हा मोजून आणणे.”

“किती वेळा मोजलं होतंस?” आईनं आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं.

“तीनदा.”

“मग?”

“तिन्ही वेळा तेच आलं.” मुंगीनं ओले हात फ्रॉकला पुसले. “म्हणजे मला मोजताच येत नाही. मला भूमिती येत नाही, आई. असतं काही जणांचं तसं.”

“असतं काही जणांचं तसं” हे वाक्य तिनं निवृत्तीला सहा महिने उरलेल्या कारकुनासारखं म्हटलं आणि ती खायला काय आहे ते बघायला गेली. आई तिथंच उभी. कारण हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. अकराव्या वर्षी तिनं स्वतः ते म्हटलं होतं, आणि त्यानंतर पदवीपर्यंत पोचूनही तिनं भूमितीच्या वाटेला जायचं नाव काढलं नाही. आजही भिंतीवर चित्र टांगायचं झालं की ती खिळा नवऱ्याच्या हातात देते आणि दुसऱ्या खोलीत निघून जाते. मुलीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नव्हतं. मुंगी हे नाव तिला उगाच पडलेलं नव्हतं. हाती घेतलेलं काम ती कणाकणानं का होईना नेटानं ओढत न्यायची. ती मुंगी परत फिरली होती.

आईनं रबरबँड काढलं. शनिवारपर्यंत पाच दिवस होते. तेवढ्यात एक काटकोन काय सापडणार नाही?

पहिला संशय कोनमापकावर गेला. आपलं मूल चुकत असेल यापेक्षा दुकानदारानं माल खराब दिला असेल, हा विचार कोणत्याही आईला जवळचा वाटतो. ती संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात गेली.

“ताई, हे वर्षानुवर्षं विकतोय मी. आजवर एकही परत आलेला नाही,” दुकानदार म्हणाला.

“पण ते बरोबर असतात का?”

“ते कोणी विचारलंच नाही कधी.”

तिनं आणखी तीन घेतले. एक पारदर्शक, एक पिवळा आणि एक धातूचा. घरी येऊन चारही कोनमापक न्हाणीघराच्या दाराला आळीपाळीनं लावले. चौघांनी एकमतानं सत्त्याऐंशी सांगितलं. साक्षीदार एवढे एकसारखे बोलले की खरं तर निकाल लागायला हवा. पण आईची धाकधूक वाढली.

“तीन अंशांनी कोणाचं काय बिघडतं?” मुंगीचा बाबा ऑफिसच्या पिशवीतून डबा काढत म्हणाला. “लिहून टाकायचं नव्वद.”

“पण ते नव्वद नाहीये, बाबा,” मुंगी म्हणाली.

“असायला हवं ना पण?”

“असायला हवं ते वेगळं.”

बाबानं डबा ओट्यावर ठेवला. त्याच्या ऑफिसात हा फरक फारसा पाळत नसत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मोजणीकाका भेटले. मोजणीकाका म्हणजे समोरच्या दारातले गृहस्थ. आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात होते आणि निवृत्त झाल्यापासून मोजायला काही मिळालं नाही म्हणून वाळत चालले होते. आईनं नुसतं “न्हाणीघराचं दार जरा वाकडं आहे वाटतं” म्हटलं मात्र, काकांच्या गालांवर रंग चढला. पाच मिनिटांत ते ओळंबा, काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या आणि गुंडाळलेली फीत घेऊन हजर. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते सरळ खाली लोंबतं आणि भिंत सरळ आहे की नाही ते सांगतं. ते खाली सोडून काका एक डोळा मिटून इतका वेळ उभे राहिले की आईला वाटलं, त्यांना डुलकी लागली.

“हे कशानं मोजलंस गं?” त्यांनी शेवटी मुंगीला विचारलं.

मुंगीनं लाजत आपलं यंत्र दाखवलं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, एका टोकाला टाचणीनं जोडलेल्या. कोपऱ्यात कात्रीसारख्या उघडून बसवायच्या, तशाच उचलून कागदावर ठेवायच्या, कडेनं पेन्सिल ओढायची, मग तो कोन मोजायचा.

काकांनी ते यंत्र दोन्ही हातांत घेतलं. “कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. कोनमापक कोपऱ्यात मावत नव्हता.”

“सूनबाई,” काका आईकडे वळून म्हणाले, “पोरगी बरोबर आहे. घर चुकलंय.”

हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडलाही, पण निम्माच. कारण आपण ज्या घरात आठ वर्षं राहतो, मूल वाढवतो, त्या घरात एकही काटकोन नाही ही बातमी घरातल्या बाईला फार सोसवणारी नसते. पाहुण्यांनी येऊन “अय्या, तुमच्याकडे काटकोनच नाही का?” असं विचारल्याचंही तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं.

मोजणीकाका मात्र आता थांबणाऱ्यातले नव्हते. त्या दिवशी त्यांनी खालचा मजला मोजला, दुसऱ्या दिवशी वरचा. बुधवारी संध्याकाळपर्यंत इमारतीत अठ्ठ्याऐंशीवाले आणि सत्त्याऐंशीवाले असे सरळ दोन तट पडले होते. अठ्ठ्याऐंशीवाले जिन्यात भेटले की जरा वरून बोलू लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं कपाट गेली कित्येक वर्षं आपणहून उघडत असे; त्याचं कारण कळल्यावर त्यांनी ते आईला येऊन सांगितलं, आणि सांगण्याचा सूर असा होता की ते कपाट आईनंच रोज उघडलं असावं. तळमजल्यावरच्या शिंप्याकडे ब्याण्णव निघाले. त्याला कोणी हे वाईट की चांगलं ते सांगेना. शेवटी जास्त आहेत म्हणजे चांगलेच, असं त्यानं स्वतः ठरवलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली.

सल्ले तर विचारू नका. कोणी म्हणालं मोजपट्टी उन्हात वाकते, पहाटे मोजा. कोणी म्हणालं मुलीचे डोळे तपासा. वरच्या काकू म्हणाल्या, “एवढं सोपं असून सुचत कसं नाही तुम्हांला? सुतार बोलवा. एक दार सरळ करून घ्या. एक काटकोन घरात असला म्हणजे झालं.”

आणि आईला ते पटलं. इथं तिला दोष देण्यापूर्वी लक्षात घ्यावं, की तोपर्यंत बुधवार उलटत आला होता आणि मुंगीनं कंपासपेटीला हात लावला नव्हता. काका आले तेव्हा ती थोडी उजळली होती खरी, पण मग म्हणाली, “मार्क काका कुठं देतात? बाई देतात.”

सुतार गुरुवारी सकाळी आला. हा माणूस कमी बोलायचा आणि पेन्सिल कानामागे ठेवायचा. त्यानं दार पाहिलं, चौकट पाहिली, आईकडे पाहिलं.

“ताई, हे दार या चौकटीसाठी बनवलंय. चौकट तिरकी, म्हणून दार तिरकं. दोघांचं जमलंय.”

“पण मला ते काटकोनात हवंय.”

“दार काटकोनात आणतो. चौकटीचं मी काही सांगत नाही.”

दीड तास रंधा चालला. न्हाणीघरात लाकडाच्या कुरळ्या सालींचा ढीग झाला. शेवटी सुतारानं गुण्या लावून दाखवला. चोख नव्वद. आईनं टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. मग सुतारानं दार बिजागऱ्यांवर चढवलं आणि लावलं. म्हणजे लावायला गेला. खाली दार चौकटीला चपखल बसलं, वर दोन बोटं फट राहिली, आणि कडी जिथं पोचली तिथून तिचं भोक चांगलंच लांब होतं.

“आता?” आई म्हणाली.

“आता तुम्हांला काटकोन आहे,” सुतार म्हणाला. “दार नाही.”

जाताना त्याला टेबलावरचं पुठ्ठ्याचं यंत्र दिसलं. त्यानं ते उघडून मिटून पाहिलं, खिशातून स्वतःचं लाकडी, पितळी खिळ्याचं तसलंच हत्यार काढून शेजारी ठेवलं आणि म्हणाला, “हे कोणी केलं त्याला सांगा, टाचणी जरा घट्ट बसव.” त्याच्या हिशेबानं हे लांबलचक भाषण झालं.

त्या दिवसापासून घरात आंघोळ करणाऱ्यानं सतत गात राहायचं असा नियम करावा लागला, म्हणजे बाहेरच्याला कळेल की आत कोणी आहे. बाबाला एकच गाणं येत होतं, तेही अर्धं. शिवाय मुंगीनं त्या दाराचं नवीन माप तक्त्यात लिहायला चक्क नकार दिला. “हा घरातला काटकोन नाही. हा आपण आणलेला आहे.”

मोजणीकाकांचा आता वेगळाच सल्ला होता. “लेखी आणा, सूनबाई. घर वाकडं असल्याचं लेखी. कागद दिसला की शाळा गप्प बसते. माझी अख्खी नोकरी त्यावर गेली.”

म्हणून शुक्रवारी आई बांधकाम परवानगीच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. तीन खिडक्या झाल्या. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाकाकडे पाठवलं. तिसऱ्या खिडकीतल्या कारकुनानं इमारतीचा नकाशा काढला, झटकला आणि बोट ठेवून दाखवला.

“हे तुमचं न्हाणीघर. काटकोनात आहे.”

“नकाशात आहे. घरात नाही.”

“नकाशा मंजूर आहे, मॅडम.”

“हो, पण दार सत्त्याऐंशी अंशांचं आहे. म्हणजे, होतं. तेवढंच लिहून हवंय. मुलीच्या शाळेसाठी.”

कारकुनानं चष्मा काढला. हा माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखर मदत करायची होती आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक होता. “बघा, सत्त्याऐंशीचा दाखला द्यायची आमच्याकडे सोय नाही. सोय आहे ती मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधकाम असल्याच्या तक्रारीची. मग माणूस येतो, पाहतो, नोटीस लागते. ती इमारतीच्या दारावर लागते, मोठ्या अक्षरात. करायची तक्रार? फॉर्म आहे माझ्याकडे.”

नोटीस, दारावर, मोठ्या अक्षरात. आईला सगळे अठ्ठ्याऐंशीवाले आणि सत्त्याऐंशीवाले एकजुटीनं जिन्यात उभे असलेले दिसले. “नको, नको. काटकोनातच आहे,” ती म्हणाली आणि नकाशाला जवळजवळ नमस्कार करून बाहेर पडली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला समजलं की आपण आत्ता सरकारसमोर मुलीला खोटं पाडून आलो.

पण खरी गोष्ट तर शनिवारी सकाळी झाली.

मुंगी न्हाणीघरात होती आणि नियमाप्रमाणे गात होती. तक्ता टेबलावर होता, नवा, कोरा घेतलेला. तिनं तो शुक्रवारी संध्याकाळी भरला होता, चौथ्यांदा सगळं मोजून; फक्त न्हाणीघराच्या दाराला जुनंच माप ठेवलं होतं. सत्त्याऐंशी, ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. पेन्सिलीनं. आई टेबलापाशी उभी राहिली. तिला त्या आकड्यांवरून येणारी लाल रेघ आधीच दिसत होती, आणि रेघेनंतरचं रबरबँड, आणि त्यानंतरची सगळी वर्षं. तिनं खोडरबर उचललं. आतलं गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं होतं. दहाच आकडे होते. मुंगीच्यासारखे गोल नऊ आणि गोल शून्य काढायला वेळ लागला नाही. आपल्या मुलीचं अक्षर कोणत्या आईला येत नाही? खोडरबराचा चुरा तिनं फुंकरीनं उडवला, तक्ता दप्तरात घातला आणि गाणं थांबायच्या आत ती डबा भरत होती.

दुपारी मुंगी आली. तिनं बूट काढले, जागेवर ठेवले, आणि तक्ता काढून जेवणाच्या टेबलावर आईसमोर उलगडून ठेवला. दहापैकी दहा. खाली बाईंचा शेरा: “शाब्बास! लक्ष दिलं की जमतं.” आणि एक तारा, लाल शाईतलाच.

“अरे वा,” आई म्हणाली. तिच्या स्वतःच्याच कानांना ते फुटक्या भांड्यासारखं वाजलं.

“आई, तू मोजलंस?”

“काय?”

“हे. खिडकी, ओटा. तू मोजलंस का सगळं?”

“नाही. पण अगं, मुंगे, मला वाटलं…”

“न मोजता कसं लिहिलंस मग?”

आईनं तक्त्याची दुमडलेली कड बोटानं सरळ केली.

“मला वाटलं, फक्त बाईंना वाटतं मला येत नाही,” मुंगी म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर आईला जवळ तरी घेता आलं असतं. “तुलाही वाटतं.”

“नाही गं! काका म्हणाले ना, तू बरोबर आहेस, घर…”

“मग खोडलंस कशाला?”

आणि ती आत जाऊन गोष्टीचं पुस्तक उलटं धरून वाचत बसली.

रविवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. बाबा दोघींच्या मधून हळूच ये-जा करत होता आणि आंघोळीतसुद्धा जपून गात होता. संध्याकाळी तो इतकंच म्हणाला, “मीच सांगितलं होतं ना लिहून टाकायला.” त्यानं अर्धा दोष उचलायची तयारी दाखवली हे चांगलंच होतं, पण या दोषाला अर्धा करता येत नव्हता.

सोमवारी आई शाळेत गेली. मधल्या सुट्टीत भूमितीच्या बाई रिकाम्या वर्गात वह्या तपासत होत्या. मोठी खुर्ची एकच आणि ती बाईंची; आई पहिल्या बाकावर बसली, म्हणजे गुडघे हनुवटीशी आणि पर्स मांडीवर. अशा बाकावर बसल्यावर पदवी, वय आणि लग्न या तिन्हींचा काही उपयोग होत नाही. ती एका दमात बोलली. “बाई, तो तक्ता मुंगीनं नाही भरला. मी भरला. तिचे आकडे मी खोडले. तिनं चार वेळा मोजलं होतं आणि चारही वेळा ते बरोबर होतं. घर वाकडं आहे. शून्य मला द्या, पण तिला कळू द्या की ती बरोबर होती.”

बाई तशा तरुण होत्या, डोळ्यांखाली थकवा, बोटांना खडू. त्यांना वाटलं असेल, काय एकेक पालक असतात. पण त्यांनी टेबलाच्या खणातून तक्त्यांचा गठ्ठा काढला आणि वरून खालपर्यंत अंगठा फिरवला.

“अठ्ठेचाळीस मुलं,” त्या म्हणाल्या. “चारशे ऐंशी काटकोन. सगळे नव्वद.” मग गठ्ठा खाली ठेवून, “मला वाटलं, ती कोनमापकाचा मधला बिंदू कोपऱ्यावर ठेवायला चुकते. ती चूक सगळी मुलं करतात. मी तिला ठेवून दाखव असं एकदाही म्हटलं नाही.”

त्या उठल्या, फळ्याचा मोठा लाकडी कोनमापक काढला आणि वर्गाच्या दाराला लावला. वाकून पाहिलं. खिडकीला लावला. फळ्याला लावला. आईही उठून मागे उभी राहिली, पण कोनमापकाला हात लावला नाही. तेवढं ती या आठवड्यात शिकली होती.

“एक्याण्णव,” बाई फळ्याकडे पाहत म्हणाल्या. “सात वर्षं मी याच्यावर काटकोन शिकवतेय.” आणि त्यांना असं काही हसू आलं की त्यांना बाकावर बसावं लागलं. त्याच त्या बाकावर, गुडघे हनुवटीशी.

पुढचं आईला मुंगीकडून कळलं नाही, कारण मुंगी अजून कामापुरतंच बोलत होती. ते जिन्यात मोजणीकाकांकडून कळलं. मुंगीनं ते काकांना सांगितलं होतं, आणि हेही आईला चांगलंच लागलं. मंगळवारी बाईंनी वर्गासमोर म्हटलं, की एकीनं खरं मोजलं आणि मी तिला निष्काळजी म्हटलं, ते माझं चुकलं. मग अठ्ठेचाळीस मुलांनी वर्ग मोजला. गोंधळ इतका झाला की शेजारच्या वर्गातले सर विचारायला आले. त्यांचंही टेबल मोजलं गेलं. शेवटी बाई म्हणाल्या, काटकोन असा पडलेला सापडत नाही, तो काढावा लागतो. आणि काढून दाखवला. मापाशिवाय, फक्त दोरा आणि खडू. घरचा अभ्यास, जमिनीवर एक मोठा काटकोन काढून पाहणे.

बुधवारी दुपारी मुंगीनं बैठकीच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून भिंतीला लावली. फरशीवर खडूनं एक लांब आडवी रेघ मारली, मध्ये एक खूण, खुणेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन टिंबं. आई स्वयंपाकघरातून बघत होती, म्हणजे दूध तापवत होती असं म्हणायला जागा होती. मुंगीनं दोऱ्याच्या एका टोकाला खडू बांधला, दुसरं टोक टिंबावर पायाच्या अंगठ्यानं दाबलं आणि दुसरीकडे पोचायचा प्रयत्न केला. ती आडवी पडली. उठली. दोऱ्यावर पुस्तक ठेवून पाहिलं, पुस्तक सरकलं. मग ती समोरच्या दाराकडे बघू लागली. काका घरी होते. दोरा धरायला ते खिडकीतूनही आले असते.

मग ती स्वयंपाकघराकडे वळली.

“आई,” ती म्हणाली. “धरशील?”

आई आली. इतक्या घाईनं आली की चप्पल एकीकडे राहिली.

“इथं अंगठा ठेवायचा. दाबून. हलायचं नाही.”

“नाही हलणार.”

“आणि मदत करायची नाही.”

“नाही करणार.”

आई गुडघ्यांवर बसली आणि टिंबावर अंगठा दाबला. दोरा ताणला गेला, खडू फरशीवर कुरकुरत फिरू लागला, आणि तिच्या भोवतीनं मुंगी, जीभ दातांत धरून, पाय मागे मागे टाकत, मोठा कंस काढत गेली. मग दुसरं टिंब, दुसरा कंस. तो अर्ध्यावर आला आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. शेगडीवर चर्र झालं. त्याच क्षणी दाराची घंटा वाजली आणि बाहेरून काकांचा आवाज आला, “झाला का गं काटकोन?” आईच्या अंगातली नस नस उठून उभी राहिली. ती बसून राहिली. दुधाचा करपट वास आला. घंटा पुन्हा वाजली. कंस पुरा झाला.

जिथं दोन कंस एकमेकांना छेदत होते तिथून खालच्या खुणेपर्यंत मुंगीनं मोजपट्टी लावून रेघ ओढली, आणि ती उकिडवी बसून रेघेकडे पाहत राहिली. मग पिवळा कोनमापक आईसमोर धरला.

“तू मोज.”

“मी?”

“हो. तू.”

आईनं हात साडीला पुसले. बिंदू खुणेवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. कोनमापकाची खालची रेघ खडूच्या रेघेवर आणली. एक डोळा मिटला. शाळा सोडल्यापासून तिनं रेघांनी काढलेला कोन मोजला नव्हता. वर जाणारी रेघ कुठं बसते ते तिनं पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. मुंगीचे डोळे कोनमापकावर नव्हते. आईच्या तोंडावर होते.

“एकोणनव्वद,” आई म्हणाली. “नव्वद नाहीये, मुंगे. एकोणनव्वदच आहे. दूध उतू गेलं तेव्हा माझा अंगठा सरकला.”

मुंगीनं खाली वाकून, नाक फरशीला लागेल इतकं वाकून पाहिलं. मग ती उठली, न्हाणीघरातून ओलं फडकं आणलं, आणि सगळा काटकोन स्वच्छ पुसून टाकला.

“धर परत,” ती म्हणाली.